मदत हवी आहे : माणसाची सर्दी आणि गोरिला

मंडळी, गोरिला-चिंपांझींच्या संवर्धनावर एक टिपण लिहितोय आणि एका जागी अडकलोय.

इबोलाचं समजतं. काँगोतल्या लोसी अभयारण्यात २००२-०३ मध्ये ओळखीच्या कळपांतले बहुतेक गोरिला त्यात गेले. पण उलटी वाट, म्हणजे माणसाकडून त्यांच्याकडे जाणारा आजार, जास्त अस्वस्थ करते. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात चिंपांझी श्वसनविकाराने मेले, आणि विषाणू निघाले माणसांतले! म्हणजे ज्यांचा अभ्यास चालू होता, त्यांनाच आपण आजार दिला. आपल्याला नुसतं नाक गळण्यावर भागतं, त्यांच्यात ती प्रतिकारशक्तीच नाही.

पेच असा, की रवांडा-युगांडात डोंगरी गोरिलांच्या राखणीचा पैसा बराचसा पर्यटकांकडूनच येतो. माणसांना सरावलेले कळप नसतील तर पर्यटक नाहीत. अंतर, मास्क, तासाभराची मर्यादा हे नियम आहेत, पण पिल्लूच कुतूहलाने जवळ आलं तर?

दुसरं, लसीकरण. टांझानियातल्या गोंबे जंगलात १९६६ च्या पोलिओ साथीत चिंपांझींना केळ्यांतून लस दिली होती. केळी खायला येणारे चिंपांझी होते म्हणून जमलं. रानटी कळपांना आज कशी देणार?

वन्यजीव-पशुवैद्यकात काम केलेलं कुणी आहे का इथे? नियम प्रत्यक्षात कितपत पाळले जातात, तेवढं सांगितलंत तरी चालेल.