रोज यवतेश्वर घाट चढतोय तरी काटा हलेना, काय करू?

गोडोलीकर७९
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. वय ४४, उंची ५ फूट ७, वजन ८३. सातारलाच असतो, नोकरी बैठी, दिवसभर कॉम्प्युटरपुढं. वडलांना शुगर, थोरल्या भावाला बीपी, त्यामुळं जानेवारीत घाबरून गिअरची सायकल घेतली. आठवड्यातनं ५ दिवस पहाटे साडेपाचला गोडोलीतनं निघतो, पोवई नाका, राजवाडा, समर्थ मंदिर आणि तिथनं यवतेश्वरचा घाट. वर देवळापाशी पाच मिनटं थांबून परत. पहिल्या महिन्यात तीन ठिकाणी उतरून ढकलत न्यायचो, आता न थांबता चढतो, गेल्या महिन्यात मुसळधार पावसात आणि धुक्यात पण गेलोय, पुढचा माणूस दिसत नव्हता. उरलेले दोन दिवस घरी २४ सूर्यनमस्कार. घड्याळ रोज ८५०-९०० कॅलरी जाळल्या म्हणून दाखवतं.
आणि एवढं करून जानेवारीत ८४.५ होतो तो आता श्रावणात ८३. सात महिन्यात दीड किलो! ऑफिसातला एक जण म्हणाला साहेब सायकलच बारीक झाली असंल. हसलो पण मनाला लागलं राव. खाण्याचं म्हणाल तर आमचं साधंच आहे, घरचंच जेवण, बाहेरचं फार नाही. नक्की चुकतंय कुठं?

फिरस्ता_पेट्री
"खाणं साधंच आहे" असं इथं प्रत्येक जण लिहितो दादा. काल सकाळपासनं रात्रीपर्यंत तोंडात काय काय गेलं ते सगळं लिहा. चहासकट. मग बोलू.

दोनवेळा_जेवा
मी दीक्षितांच्या पद्धतीनं दोन वेळाच जेवतो, ५५ मिनटांच्या आत ताट संपवायचं, मधे काही नाही. ९ किलो उतरलं. सायकल बियकल काही नाही, नुसतं चालणं. करून बघा.

गोडोलीकर७९
@दोनवेळा_जेवा ते मी दोन वर्षांपूर्वी केलं होतं, ४ किलो गेलं, मग लग्नसराई आली आणि सगळं व्याजासकट परत.
@फिरस्ता बरं, कालचं लिहितो. घाट उतरल्यावर राजवाड्याजवळ गाडीवर ग्रुपबरोबर एक वडापाव आणि चहा (कधी कधी दोन होतात, एवढं चढल्यावर भूक लागतेच). घरी ९ ला पोहे. ऑफिसात चार चहा. दुपारी डबा, चार चपात्या, भेंडी, कुटाची काकडीची कोशिंबीर. संध्याकाळी कुणाच्यातरी पोराला नोकरी लागली म्हणून दोन कंदी पेढे, आता साताऱ्यात पेढ्याला नाही कसं म्हणायचं. रात्री दोन भाकऱ्या, आमटी, थोडा भात. सोमवारचा उपवास असतो, तेव्हा फक्त साबुदाण्याची खिचडी.

फिरस्ता_पेट्री
"फक्त" साबुदाण्याची खिचडी! तूप, कूट, बटाटा, आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही.

अर्धा_इंजिनिअर
घड्याळावर विश्वास ठेवू नका, आपण हिशोबच करू. तुम्ही आणि सायकल मिळून ९७ किलो धरू. घाटाचा चढ समजा ३५० मीटर. ९७ गुणिले ९.८ गुणिले ३५०, झाले साधारण ३ लाख ३३ हजार ज्यूल. हे झालं पेडलवर पोचलेलं काम. आपलं शरीर काय फार भारी इंजिन नाही, खर्च केलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा पेडलला मिळतो आणि बाकीची नुसती उष्णता, म्हणून तर थंडीत पण घामाघूम होतो. चौपट करा आणि ४१८४ नं भागा (एका कॅलरीचे तेवढे ज्यूल). साधारण ३२० कॅलरी आल्या. गोडोली ते समर्थ मंदिर आणि परत, हे सपाटीचं अजून १३०-१४० धरा. येताना उतारावर तुम्ही फक्त ब्रेक दाबून बसलेले असता, तिथं काही जळत नाही, जळालं तर ब्रेकचं रबर. म्हणजे सगळं मिळून साडेचारशे, आणि घड्याळ सांगतंय ९००. शिवाय बरीच घड्याळं त्यात तुम्ही नुसते घरी बसून असता तरी त्या वेळात खर्च झाल्या असत्या त्या शंभरेक कॅलरीही मिसळतात.
आता एक वडापाव म्हणजे वड्याच्या आणि पावाच्या आकारावर आहे पण २५०-३०० कुठं गेल्या नाहीत. दोन खाल्ले की घाट फुकट गेला. चहा पाच, प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर दिवसाला ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० कॅलरी, दूध वेगळं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरनं घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. तुमची चहातच दुप्पट झाली, पेढा अजून मोजलाच नाही.
अजून एक गंमत. हर्मन पाँट्झर म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी टांझानियातल्या हाडझा लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला, २०१२ ला ते छापून आलं. ही माणसं अजून शिकार करून, कंदमुळं खणून जगतात, दिवसभर पायपीट. वाटेल की दुप्पट कॅलरी जाळत असतील. पण शरीराच्या आकाराचा हिशोब लावल्यावर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकन माणसाएवढाच निघाला. शरीर एकीकडं जास्त खर्च झालं की दुसरीकडं हात आखडतं, असं त्यांचं म्हणणं. यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, पण आपल्या पुरतं एवढं बघा की सायकल चालवून आल्यावर उरलेल्या दिवसात तुम्ही पहिल्यापेक्षा कमी हलता का.

गोडोलीकर७९
हे शेवटचं वाचून गप्पच झालो. आधी दूध आणायला कोपऱ्यापर्यंत चालत जायचो. आता सकाळी सायकल झालीय की, म्हणून स्कूटर काढतो. ऑफिसात पण लिफ्ट.

विश्रामबागची_ताई
भाऊ, मी सांगलीची. आमच्याकडं तुमच्यासारखा घाट नाही, सगळं सपाट, सांगली-मिरज रस्त्यावर सायकल मारायची तर ट्रक आणि धूळ, म्हणून मी आपली कृष्णेच्या घाटाकडं चालायला जाते. दोन गोष्टी सांगते.
पहिली, रक्त तपासा. माझं पण असंच चाललं होतं, वर्षभर व्यायाम आणि वजन वाढतंच, वर थकवा, केस गळणं, उन्हाळ्यात पण थंडी वाजायची. सगळे म्हणायचे खात असशील लपून. थायरॉइडची तपासणी केली, टीएसएच ११ च्या पुढं, म्हणजे बरंच जास्त निघालं. गोळी सुरू झाली (ती उपाशीपोटी घ्यायची आणि चहा अर्ध्यापाऊण तासानं, हे मला पहिले दोन महिने कुणी सांगितलंच नाही). पण खरं सांगते, गोळीनं वजन धबधब्यासारखं नाही उतरलं. सहा महिन्यात तीनेक किलो, तेही डॉक्टर म्हणाले बरंचसं अंगात साचलेलं पाणीच. थकवा गेला हे मात्र खरं. म्हणून थायरॉइड निघाला तर सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळं होऊ नका, आणि नाही निघाला तर नाराज होऊ नका. घरात शुगर आहे तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) पण करूनच घ्या.
दुसरी गोष्ट तेल. पुरुष माणसं चपात्या मोजतात आणि भाजीत काय गेलं ते त्यांना ठाऊक नसतं. रोज चमच्यानं मोजायला गेलात तर घरात भांडण होईल, त्यापेक्षा महिन्याचं मोजा. घरात तेल किती दिवसात संपतं, माणसं किती, भागाकार करा. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी. कूट पण तसाच, १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, आणि आपल्याकडं कुटाशिवाय कोशिंबीर होत नाही. आमच्या सांगलीच्या भडंगाचं पण तेच, चुरमुरे हलके म्हणून माणूस परात संपवतो आणि तेल-शेंगदाणे कुणी बघत नाही. हे सगळं मी स्वतः केलंय म्हणून सांगते.

कराडचा_पठ्ठ्या
मी लहानपणी तालमीत होतो म्हणून थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडं एक म्हणणं होतं, तालीम सुटली की पैलवान सुटतो. म्हणजे जोर-बैठका बंद होतात पण दूध, तूप, बदाम हा खुराक तोंडाला लागलेला असतो तो सुटत नाही. तुमचं तेच झालंय, फक्त उलट्या बाजूनं, तालीम आत्ता सुरू झाली आणि खुराक आधीपासनंच पैलवानाचा होता 😄 आमच्या तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात पदक घेऊन आले, त्या गटातल्या माणसाला एकेक घास तोलून खावा लागतो.
सायकलनं मांड्या आणि दम तयार होतो, वरचं अंग तसंच राहतं. चाळिशीनंतर स्नायू आपोआप कमी होत जातात. आठवड्यातनं दोन-तीन दिवस जोर, बैठका, काहीतरी वजन उचलणं धरा. सुरुवातीला गुडघे सांभाळून बैठका २० मारा, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना माझी आठवण येईल. आणि खाण्यात मटकी, हरभरा, डाळ, दही, ताक वाढवा, श्रावण संपला की अंडी.
शेवटचं, रोज काट्यावर चढू नका मर्दा. व्यायाम सुरू केला की स्नायूत साखरेचा साठा वाढतो आणि त्याच्याबरोबर पाणी पण धरलं जातं, एखादा किलो इकडंतिकडं त्यानंच होतो. टेप घ्या, बेंबीच्या रेषेत पोट मोजा, श्वास आत न ओढता. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत बरं धरतात. जानेवारीत मोजलं होतं का?

गोडोलीकर७९
मोजलं नव्हतं. पण तुमचं वाचून एकदम आठवलं, जानेवारीत पुतण्याच्या लग्नाला पँट शिवली होती.

गोडोलीकर७९
तीन आठवड्यांनी परत आलोय, सगळ्यांचे आभार, जरा मोठं लिहितो.
शिंप्याकडं गेलो. त्याची ती जाडजूड वही असते, कोपरे दुमडलेले, त्यात जानेवारीतलं माझं माप निघालं, कंबर ४०. त्यानं तिथंच गळ्यातली टेप काढून परत मोजली, साडेअडतीस. म्हणजे दीड इंच गेलाय आणि मला पत्ता नाही, कारण मी पट्टा लावतच नाही, पोटावरनं घसरतो म्हणून. घरी बेंबीपाशी मोजलं तर ९८ सेंटिमीटर. ९० लांब आहे पण काहीतरी हललंय एवढं समजलं.
तेलाचं सांगतो. आमच्याकडं १५ किलोचा डबा येतो. आमच्या सौ. कालनिर्णयवर गॅसची टाकी लावल्याची तारीख लिहितात तशी डबा फोडल्याची पण लिहितात, हे मला १७ वर्षांच्या संसारात पहिल्यांदा दिसलं. ३ जूनला "तेल" आणि १२ ऑगस्टला परत "तेल". ७० दिवस, माणसं पाच. कॅल्क्युलेटर काढला, माणशी दिवसाला ४३ ग्रॅम, म्हणजे ३८५ कॅलरी. नुसतं तेल! घाटाच्या चढाला तुम्ही ३२० सांगितल्या होत्या. मी हे मोठ्या आवाजात वाचून दाखवायची चूक केली. उत्तर आलं, "मग भाजी उद्यापासनं तुम्ही टाका." तर आता रविवारी मी टाकतो, आणि खरं सांगू, कांदा करपायला लागला की हात आपोआप बुधलीकडं जातो. तरी दोघांनी मिळून फोडणी निम्म्यावर आणलीय, आईला अजून सांगितलं नाही, ती म्हणते हल्ली भेंडी चिकट होते.
रक्त तपासलं. टीएसएच ३.१, ठीक. एचबीए१सी मात्र ५.९ आली. डॉक्टर म्हणाले ५.७ ते ६.४ हा डायबेटिसचा उंबरठा आहे, सायकल अजिबात सोडायची नाही, आणि गोड आणि रात्रीचा भात आवरा. वडलांना रिपोर्ट दाखवला तर त्यांनी काही न बोलता स्वतःच्या गोळ्यांचा डबा माझ्यासमोर ठेवला.
चहा दोनवर आणलाय, लिफ्ट बंद, दूध चालत. वजन ८१.६. पेढ्याचं अजून जमत नाही, अर्धा खातो. वडापावच्या गाडीवर परवा नुसता चहा घेतला तर गाडीवाला म्हणाला, "का साहेब, आजारी हाय का?"
आता एकच अडचण. उतरल्यावर भूक भयंकर लागते, ग्रुपमधले सगळे खात असतात आणि मी बघत बसतो. निघायच्या आधी मटकी खाल्ली तर घाटात पोटात दुखतं. काय करावं?

फिरस्ता_पेट्री
आधी एखादं केळ, बास. मटकीची उसळ डब्यात घालून सायकलला लावा आणि तिथंच गाडीपाशी उभं राहून सगळ्यांबरोबर खा. लाजू नका. मी दोन वर्षं नेतोय, आता गाडीवालाच वर कांदा-लिंबू घालून देतो.

विश्रामबागची_ताई
डबा स्टीलचा घ्या हो, प्लॅस्टिकचा नको. आणि झाकणाला रबर बघून घ्या, नाहीतर सगळा रस्सा पँटवर.