मुळात ते तिरळेपणाचंच औषध

दीड वर्षाच्या भाचीला डॉक्टरांनी तिरळेपणासाठी बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवल्यावर "सुरकुत्यांचं औषध लेकराच्या डोळ्यात?" असं कुणीतरी विचारलंय. गंमत म्हणजे गोष्ट उलटी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. ॲलन स्कॉट यांनी हे औषध तिरळेपणासाठीच आणलं. 1989 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली तीही तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी (तिथे 12 वर्षांपुढच्यांना, लहान मुलांत डॉक्टर आपल्या निर्णयाने वापरतात). सुरकुत्या नंतर आल्या.

सुई बुबुळात नाही, डोळा नाकाकडे ओढणाऱ्या स्नायूत जाते. बाळाला थोडा वेळ भूल द्यावी लागते. दोन-चार दिवसांत तो स्नायू सैल पडतो आणि पुढचे दोन-तीन महिने विरुद्ध बाजूच्या स्नायूला वाव मिळतो. तेवढ्यात दोन्ही डोळे एकत्र बघायला शिकले तर औषध उतरल्यावरही नजर सरळ राहू शकते. नाहीतर पुन्हा इंजेक्शन किंवा ऑपरेशन. तिरळेपणाचा कोन मोठा असेल तर बरेच डॉक्टर थेट ऑपरेशनच सांगतात.

एक आधीच सांगून ठेवते, मधल्या काळात पापणी लोंबू शकते, डोळा बाहेरच्या बाजूला जाऊ शकतो. आजी-आजोबा घाबरतात! बहुतेकदा हे आपोआप जातं.

पण आधी ड्रॉप्स घालून चष्म्याचा नंबर तपासला का? प्लस नंबरमुळे आलेला तिरळेपणा कधीकधी नुसत्या चष्म्याने सुटतो. डोळा आळशी झाला असेल, म्हणजे त्याची नजर मंद पडली असेल, तर चांगल्या डोळ्यावर लावायची पट्टी वेगळी, ती इंजेक्शनने टळत नाही. आणि "तिरळं मूल भाग्याचं" म्हणून थांबू नका.