मदत हवी आहे: जॉबरचे सुपरवायझर झाले, पण कोचिंग पुढे सरकत नाही

धागाकर्ता (एचआर, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)
टेरी टॉवेलचा कारखाना आहे. विणकाम खात्यातले तिन्ही सुपरवायझर आधी जॉबर (लूम, म्हणजे माग, लावणारे आणि दुरुस्त करणारे) होते. यंत्रावर हात एक नंबर, पण लूम बंद पडला की जॉबरला बाजूला सारून स्वतःच पाना घेतात. दर पंधरवड्याला एकेकासोबत तासभर बसतो. सगळा वेळ गाऱ्हाण्यांत जातो. वर मालक विचारतात, "काय म्हणाला तो?" काय बदलू?

उत्तर १
आधी मालकांचं निस्तरा. मालक, सुपरवायझर आणि तुम्ही एकत्र बसा आणि एका कागदावर लिहून घ्या: कोणती एक सवय बदलायची, किती महिन्यांत, आणि मालकांना काय कळणार. कळावं ते एवढंच: ध्येय, बैठकांची हजेरी, ठरलेलं काम झालं की नाही. बाकी बोलणं खोलीबाहेर जाणार नाही, हे मालकांनी त्याच्यासमोर कबूल करायला हवं. नाहीतर माणूस गाऱ्हाणीच सांगणार, कारण ती सांगायला धोका नसतो.

दुसरी अडचण तुम्ही स्वतः. पगारवाढीची फाइल ज्याच्या टेबलावर, त्याच्यासमोर कोण आपली कमजोरी उघड करेल? डाइंग किंवा शिलाई खात्यातला मुरलेला मॅनेजर या कामाला बसवून बघा.

आणि "नेतृत्व सुधारणे" हे ध्येय नव्हे. असं लिहा: "पाइल (टॉवेलवरचे धाग्यांचे फासे) कमी बसून टॉवेलचं वजन उतरलं, तर पहिली पंधरा मिनिटं जॉबरच बघेल. मी विचारीन, हात लावणार नाही." अपघाताचा धोका असेल तेव्हा मात्र हे लागू नाही. सुपरवायझर स्वतः सेटिंग बदलून मोकळा होतो, वहीत नोंद नसते, मग पुढच्या पाळीचा जॉबर ते परत फिरवतो. खरं नुकसान तिथं आहे.

उत्तर २
वरच्याशी सहमत. बैठकीबद्दल थोडं.

"का नाही केलंस?" विचारलं की खुलासा सुरू होतो, मेमो दिल्यासारखा. "त्या वेळी नेमकं काय झालं? जॉबरला काय माहीत नव्हतं? पुढच्या वेळी आणखी काय करता येईल?" असं विचारा आणि गप्प बसा. पहिली दहा मिनिटं गाऱ्हाण्यांना द्या, मग त्यातलं एक उचलून "यात तुमच्या हातात काय आहे?" यावर या. उठण्याआधी एकच काम, तारखेसह.

शहराच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा माणूस असेल तर त्याला तेलुगूत बोलू द्या. मराठी उत्तम येत असली तरी राग आणि संकोच घरच्या भाषेतच नीट बाहेर पडतात.

मात्र पाळीचा तक्ता लावता येत नसेल तर प्रश्न विचारत बसू नका, सरळ शिकवा. जे माहीतच नाही ते प्रश्नांनी बाहेर येत नाही.

उत्तर ३
पाळी बदलताना अर्धा तास खात्यात उभे राहा, त्याला आधी सांगून. काय बोलला, काय केलं तेवढंच टिपा. "चिडका आहे" हा शेरा झाला. "कामगारांसमोर जॉबरच्या हातातला पाना घेतला" ही नोंद.

मोजायचं तर जॉबरने एकट्याने किती बिघाड काढले ते मोजा, उत्पादनाचे मीटर नको. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी पडते, ताण्याचे (मागावरचे उभे) धागे जास्त तुटतात. त्याचं खापर उगाच कोचिंगवर फुटतं. गड्डा यात्रा किंवा मार्कंडेय रथोत्सव तोंडावर असताना नवी सवय सुरू करू नका. खाडे वाढले की सगळे जुन्या वळणावर जातात.

धागाकर्ता
कागद करतो. पण मालक थेट जॉबरलाच फोन लावतात, त्याचं काय?

उत्तर १
मग त्या कागदावर मालकांचीही एक सवय लिहा: खात्यातला निरोप सुपरवायझरमार्फतच. फोन आलाच, तर जॉबरने "सुपरवायझरना सांगून करतो" एवढं म्हणावं. मालक याला तयार नसतील तर तिघांचं कोचिंग तूर्त थांबवा, आधी मालकांसोबत बसा.