निऱ्यांचं कपाट: ओक की साग? रंधा मारायच्या आधी सांगा

पडवीतला_वारा
नमस्कार मंडळी. घर हर्णैला, समुद्र पाच मिनिटांवर. माजघरात आजोबांनी आणलेलं बुटकं, दोन दारांचं कपाट आहे. मुंबईला गोदीत नोकरीला असताना कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातल्या लिलावात घेतलं म्हणे. आगबोटीतून पडावात, पडावातून चौघांच्या खांद्यावर, असं घरी आलं.

दारांवर उभ्या चुण्या कोरल्यात, अगदी कापडाची घडी पडावी तशा. म्हणून आजी त्याला ‘निऱ्यांचं कपाट’ म्हणायची. वर टोकदार कमानी, कमानीच्या पोटात तीन पाकळ्या, आणि कोपऱ्यात तोंडातून पानं फुटलेला एक चेहरा. आम्ही पोरं त्याला घाबरायचो. आजी मात्र गौरीच्या दिवशी त्यालाही हळदकुंकू लावायची. “असेल कुणीतरी देव!”

यंदा पावसानंतर पॉलिश पांढरट झालंय, बिजागऱ्यांभोवती काळे डाग आहेत, आणि खाली रोज बारीक दाणे पडतात. सुतार म्हणतो, जुना साग आहे, रंधा मारून मेलामाइनचं पॉलिश करू, डाग जातील. एकजण आहे तसं १२ हजारांना मागतोय. पुण्याची आतेबहीण फोटो बघून म्हणाली, हा ओक, हात लावू नकोस. कुणाचं ऐकू?

चपडालाख
बहिणीचं ऐका. निदान रंधा तरी खाली ठेवायला सांगा.

गिरगावात तीस वर्षं पॉलिशचं काम केलं, अशी दोन-चार कपाटं हाताखालून गेली. तुमचा सुतार काही अडाणी नाही. मुंबईत गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या धाटणीचं बहुतेक फर्निचर सागातच व्हायचं, ब्रह्मदेशी सागात. तेव्हा नक्षीवरून लाकूड ओळखू नका.

दार उघडून कडेची चौकट बघा, टॉर्च आडवा धरून. झाडाच्या गाभ्यापासून सालीकडे किरणांसारख्या रेषा जातात. ओकमध्ये त्या रुंद असतात. ओंडका त्या रेषांना धरून चिरला असेल तर फळीवर वाघाच्या पट्ट्यांसारखे चमकदार फराटे दिसतात. सागातल्या रेषा इतक्या बारीक की असे फराटे उठत नाहीत.

दुसरी खूण म्हणजे तुम्ही ज्यांना कंटाळलात ते काळे डाग. ओकमध्ये टॅनिन भरपूर. त्याला लोखंड आणि ओल मिळाली की काळं पडतं, जुनी शाई अशीच करायचे. तुमच्या खाऱ्या हवेत बिजागरी गंजणारच. सागावरही थोडा डाग पडतो, पण इतका गडद सहसा नाही.

वयाबद्दल म्हणाल तर अस्सल मध्ययुगीन असण्याची आशा सोडा. १९ व्या शतकात इंग्लंडात ही शैली जोरात परत आली. १८३४ साली लंडनची संसद जळाली, नवी बांधताना आतल्या नक्षीकामाचं आणि फर्निचरचं काम प्यूजिन नावाच्या वास्तुरचनाकारानं केलं आणि मग घरोघरी टोकदार कमानी शिरल्या. आपलं व्हीटी स्टेशन त्याच लाटेतलं, १८८८ चं. कपाट त्यानंतरचंही असू शकेल.

पांढरेपणा म्हणजे चपड्यात, लाखेच्या पॉलिशमध्ये, शिरलेली ओल. हवा कोरडी होऊ द्या. नाही गेला तर स्पिरिटचा अगदी हलका हात. मेलामाइन नको. आणि त्या निऱ्यांवर पॉलिशपेपर फिरवलात तर इस्त्री केल्यासारख्या सपाट होतील.

भाऊ_खवचट
१२ हजार घ्या, लोखंडी कपाट आणा. पाव्हणे आले की कोकणात मोडक्या लाकडाचं कौतुक फार.

वाडीचा_सुतारपुत्र
भाऊंकडे दुर्लक्ष करा. पडवीतले दादा, आधी दाण्यांचं बघा. चिमटीत घ्या. मैद्यासारखी पूड असेल तर भुंगेरा. खसखशीसारखे एकसारखे, टणक दाणे असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिला जमीन लागत नाही, मातीच्या नळ्या करत नाही, म्हणून कळतच नाही. कपाट भिंतीपासून ओढा आणि पाठ तपासा.

पडवीतला_वारा
तिघांचेही आभार, भाऊंचेही.

काल रात्री वीज गेली, तेवढ्यात टॉर्च मारला. डाव्या चौकटीवर फराटे उठले, मांजराच्या अंगावरच्यासारखे. बाजू बदलली की चमक सरकते. सांध्यात खिळे नाहीत, लाकडी खुंट्या आहेत, एक तर थोडी वर आलीय, बोटाला लागते.

दाणे खसखशीचेच निघाले. कपाट ओढलं, तर पाठीच्या फळ्या वेगळ्याच, फिक्या, हलक्या लाकडाच्या. नख रुतलं. पुढची नक्षी ओकची आणि पाठ देवदारासारखी! साहेबानंही पैसे वाचवले म्हणायचे. वाळवी फक्त पाठीत आहे, निऱ्या शाबूत.

आता पाठीच्या फळ्या काढून फणसाच्या लावतोय, उरलेल्या लाकडाला सुईनं औषध, आणि पायांखाली जांभ्याचे चार तुकडे.

सुताराला सांगितलं, साग नाही, ओक आहे. त्यानं रंधा पिशवीत टाकला आणि म्हणाला, “ओक? ते तर खालच्या आळीत राहतात.”