बेदाण्याचा रंग आहे तसाच टिपणारा फ्लॅगशिप फोन हवा आहे: आता घ्यावा की पुढच्या मॉडेलसाठी थांबावे?

नमस्कार मंडळी,

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे. साडेतीन एकर बाग आणि तिला लागूनच बेदाण्याचे शेड, एवढा आमचा व्याप. फोन बदलायचा आहे आणि या खेपेस चांगला फ्लॅगशिपच, म्हणजे कंपनीचा सर्वांत वरच्या दर्जाचा फोनच, घ्यायचा, असे घरात ठरले आहे. मात्र लाखाच्या घरातली रक्कम मोजण्याआधी इथल्या जाणकारांना विचारावेसे वाटले, कारण माझी गरज जाहिरातीत दाखवतात त्यापेक्षा जरा वेगळी आहे.

आमच्या मालाचा दर बराचसा रंगावर ठरतो. एकसारखा हिरवा बेदाणा असेल तर एक दर, पिवळसर झाक आली तर दुसरा, आणि सुकवणीच्या ऐन दिवसांत अवकाळी पाऊस लागून माल काळा पडला तर मग बोलायलाच नको. पूर्वी नमुन्याची पिशवी आडत्याकडे जायची आणि तो मूठभर बेदाणा उजेडाकडे धरून पाहायचा. सौद्यात आजही तसेच पाहतात, पण परगावचे व्यापारी आता आधी व्हॉट्सअॅपवर फोटो मागवतात आणि निम्मे बोलणे त्या फोटोवरच होऊन जाते.

गेल्या एप्रिलमध्ये मी शेडमध्येच, रॅकवर पसरलेल्या मालाचा फोटो काढून एका व्यापाऱ्याला पाठवला. फोटोत बेदाणा इतका हिरवागार दिसत होता की माझा मलाच अभिमान वाटला. पेट्या पोचल्यावर त्यांचा फोन आला, "फोटोतला माल कुठे ठेवलाय?" माल तोच होता. शेवटी किलोमागे बारा रुपये सोडून मी विषय मिटवला, पण फसवल्याचा बोल ऐकून घ्यावा लागला तो अजून डाचतो.

त्यानंतर मी घरीच एक प्रयोग केला. पांढऱ्या कागदावर एक मूठ बेदाणा ठेवला आणि त्याचे फोटो शेडनेटखाली, स्वयंपाकघरातल्या एलईडी दिव्याखाली आणि सकाळी नऊ वाजता अंगणात असे तीन ठिकाणी काढले. तिन्ही फोटोंत तीन वाणांचा माल वाटावा, इतका फरक पडला. एक गोष्ट तर डोळ्यांदेखत घडली: कॅमेरा ढिगाजवळ नेला की स्क्रीनच्या कोपऱ्यात ताट-चमच्याचे बारीक चिन्ह उमटायचे आणि त्याच क्षणी बेदाण्यावर सोनेरी तजेला चढायचा. फोनला वाटत होते की मी जेवणाचा फोटो काढतो आहे. माझ्या धाकट्या भावाच्या स्वस्तातल्या फोनने काढलेला फोटो फिकट आला, पण खऱ्या मालाच्या जास्त जवळचा होता. चार वर्षांपूर्वी सर्वांत महागडा म्हणून घेतलेल्या फोनची ही गत पाहून हसावे की रडावे, ते कळेना.

म्हणून पुढच्या फ्लॅगशिपकडून माझी पहिली अपेक्षा ही आहे की त्याने फोटो सुंदर करण्याच्या भरीस पडू नये. निदान तसे न करण्याची सोय तरी एका बटणावर द्यावी. दुसरी अपेक्षा उन्हाळ्याची आहे. फेब्रुवारी ते एप्रिल हा आमचा हंगाम, आणि दुपारी शेडमध्ये फोन असा तापतो की स्क्रीन आपोआप अंधारते आणि कधीकधी कॅमेरा बंदच पडतो. तिसरी अपेक्षा कदाचित कुणाला क्षुल्लक वाटेल: बेदाणा हाताळल्यावर बोटांना साखरेचा चिकटा बसतो आणि स्क्रीनखालचा ठसा-वाचक मला ओळखतच नाही. शंभरपट झूम, फोटोतली माणसे पुसून टाकणारी हुशारी आणि आणखी एक मिलिमीटर बारीक झालेली कड यांसाठी जास्तीचे पैसे द्यायची माझी तयारी नाही. बॅटरी दिवसभर पुरावी, एवढे झाले की पुरे.

तर प्रश्न असा की, या गरजा आज बाजारात असलेल्या एखाद्या फोनने भागतील की यंदाचा हंगाम जुन्याच फोनवर काढून पुढच्या मॉडेलची वाट पाहावी?

प्रतिसाद १ (मिरज)

दादा, मी लग्नकार्यात फोटो काढतो, त्यामुळे रंगाचे हे दुखणे मला चांगले ठाऊक आहे. यात दोष एकट्या फोनचा नाही. हिरव्या शेडनेटमधून गाळून आलेला उजेड स्वतःच हिरवा असतो. आपला डोळा त्याला सरावतो, कॅमेऱ्याला मात्र पांढरे काय असावे याचा अंदाज बांधावा लागतो. त्यावर फोन एका दमात अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो आणि समोर खाद्यपदार्थ आहे असे वाटले की रंग गडदही करतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे कशाला मानायचे ते, हाताने ठरवता येतो, पण तिथला केल्विनचा (उजेडाच्या रंग-तापमानाचा) आकडा केवळ निळ्या-पिवळ्याचा तोल सांभाळतो. नेटचा हिरवेपणा त्याने जात नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून माल नेटखालून बाहेर काढा, मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत पांढऱ्या कागदावर ठेवा, केल्विन ६५०० च्या आसपास घेऊन कागद पांढरा दिसेपर्यंत थोडा मागेपुढे करा आणि कागदाची कड फोटोत येऊ द्या, म्हणजे पाहणाऱ्यालाही ताळा मिळतो. खाद्यपदार्थ ओळखण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करता येत असेल तर तीही करा. तुमची स्वतःची स्क्रीन 'विविड'वर असेल तर ती 'नॅचरल'वर आणा, नाहीतर तुम्ही दुरुस्त केलेला रंगसुद्धा खोटाच असेल. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलात तर व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करणार नाही.

आता पुढच्या फोनविषयी. केवळ उजेडाचा रंग मोजण्यासाठी वेगळा बहुवर्णपटीय (उजेडातले अनेक रंगपट्टे वेगवेगळे मोजणारा) सेन्सर देण्याची सुरुवात झाली आहे. हुआवेच्या मेट ७० मालिकेत २०२४ मध्ये तो आला आणि ओप्पोच्या फाइंड एक्स८ अल्ट्रामध्ये २०२५ मध्ये. हे फोन आपल्याकडे अधिकृतपणे विकले गेले नाहीत, पण तुमच्या कामाची दिशा हीच आहे, आणि फाइंड एक्स९ प्रोमध्ये तसा सेन्सर घेऊन ओप्पो भारतातही आली आहे. तरीही कागदावरच्या माहितीवर विसंबू नका. खिशात मूठभर बेदाणा घेऊन दुकानात जा.

प्रतिसाद २ (कराड)

माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, म्हणून तापण्याबद्दल लिहितो. आयफोनसाठी खुद्द अॅपलने सांगितलेली वापराची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि एप्रिलमधल्या दुपारी आपला पारा त्यापुढे असतोच. महागडा फोनही तिथे स्वतःला जपण्यासाठी मंदावणार, ते टळणारे नाही. जाड कव्हर काढून ठेवणे, चार्जिंगला लावून फोटो न काढणे आणि हे काम सकाळी उरकणे, एवढेच आपल्या हातात आहे. ठशाबाबत सांगायचे तर ध्वनिलहरींवर चालणारा वाचक ओल्या बोटांना प्रकाशावर चालणाऱ्यापेक्षा बरा दाद देतो. साखरेच्या थरापुढे मात्र तोही हात टेकेल, तेव्हा पिनची सवय ठेवा. गॅलेक्सी एस२४ आणि पिक्सेल ८ यांच्यापासून त्या-त्या मालिकांना सात वर्षांचे अपडेट मिळतात. त्यामुळे एक वर्ष जुना फ्लॅगशिप घेतला तरी तुमचे फारसे काही अडणार नाही आणि वाचलेल्या पैशात शेडसाठी चांगले दिवे येतील.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल सकाळी शीतगृहातून एक पेटी आणली, गोठ्याच्या सावलीत कागद पसरला आणि मिरजकरांनी सांगितले तसा जुन्याच फोनने फोटो काढला. केल्विन ६८०० वर नेल्यावर कागद पांढरा झाला आणि बेदाणा जसा आहे तसा, किंचित पिवळसर हिरवा दिसला. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून त्याच व्यापाऱ्यांना पाठवला, सोबत मागचा फोटोही जोडला आणि फरक कशाने पडला ते लिहिले. "आता बरोबर आहे," एवढेच उत्तर आले.

अडचण एकच उरली आहे. कॅमेरा बंद करून पुन्हा उघडला की हे सेटिंग पुसले जाते, आणि हंगामात दिवसाकाठी तीस-चाळीस फोटो काढताना दर वेळी केल्विन लावत बसणे शक्य नाही. प्रो मोडमधले व्हाइट बॅलन्स कॅमेरा बंद केल्यावरही कायम ठेवणारा फोन कुणी वापरत असेल तर कृपया मॉडेलसह कळवावे. येत्या रविवारी सांगलीला दुकानात जाणार आहे; बेदाण्याची पुडी बांधून ठेवली आहे.