पावसात भिजलेल्या चामडी बुटांवर आलेली बुरशी
प्रश्न : नमस्कार मंडळी. पहिल्या पगारातून घेतलेले, वेल्ट पद्धतीने शिवलेले तपकिरी बूट जुलैत भिजले. ते मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले आणि पंधरा दिवसांनी पाहिले, तर टाचेपासून जिभेपर्यंत पांढरी बुरशी धरली होती. मी ठाण्यात राहतो. हे बूट वाचतील का?

उत्तर १ : नक्की वाचतील. घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने बुरशी झाडावी, पांढरे व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन त्यात किंचित ओलसर केलेल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसावे (रंग उतरत नाही ना, हे आधी एका कोपऱ्यात पाहावे), मग वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली वाळवावे. उन्हात मात्र मुळीच ठेवू नयेत. चामडे कडक होऊन त्याला तडे जातात आणि ते पुन्हा सांधत नाहीत. पूर्ण वाळल्यावरच क्रीम लावावे.

उत्तर २ : खरा घात प्लॅस्टिकने केला, कारण ओल आतच कोंडली. कापडी पिशवी वापरावी. वेल्टची पट्टी वरच्या चामड्याला शिवलेली असते आणि तळ त्या पट्टीला, म्हणून तळ झिजला तरी नवा बसवता येतो. तेव्हा तिथला दोरा कुजला नाही ना, हे जाणत्या कारागिराला अवश्य दाखवावे.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. आज बोळे तीनदा बदलले. शेवटचे जवळजवळ कोरडेच निघाले.