मदत हवी आहे: २६ सीसी पेट्रोल स्पीडबोट फुल थ्रॉटलला बसते, सुई किती फिरवू?

चुलबंद_२६
नमस्कार मंडळी. २६ सीसी पेट्रोल इंजिनची आरसी (रिमोटवर चालणारी) बोट आहे, फायबरची, तळ खोल व्ही आकाराचा, ट्यून्ड पाइप (ताकद वाढवणारा सायलेन्सर) लावलेला. स्टँडवर आवाज एक नंबर. पाण्यात सोडली की तीन-चार मिनिटं सुसाट जाते, मग फुल थ्रॉटलला आवाज बसत जातो. थ्रॉटल अर्ध्यावर आणला तर चालते, परत ओढला की बंद. मग माणूस पाठवून ओढून आणावी लागते. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पहिल्यासारखी चालू. कार्बोरेटरची हाय सुई (फुल थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा स्क्रू; लो सुई आयडलचं) किती आटे उघडी ठेवायची, एवढंच सांगा. येत्या रविवारी तलावावर न्यायची आहे. प्लग नवीन आहे, ते सुचवू नका.

वैनगंगाकाठ
भाऊ, काहीच सांगितलं नाही. इंजिन कोणतं, कार्बोरेटर कोणता, ऑइल किती टाकता, प्रॉप (पाण्यातला पंखा) किती मिलिमीटरचा, थंड करणारं पाणी बाहेर किती जोरात पडते? आणि स्टँडवर किती वेळ चालवता? पाणी जोडलेलं नसेल तर वीस-तीस सेकंदांच्या वर चालवू नका. ही इंजिनं पाण्यानं थंड होणारी, वाऱ्यानं नाही.

चुलबंद_२६
झेनोआ जी२६० सारखं दिसणारं इंजिन आहे, ब्रँड नाही. कार्बोरेटर वॉल्ब्रो डब्ल्यूटी टाइप. पेट्रोल पंपावरचं साधं, ऑइल टू-टी. सुई पुस्तकात आहे तशीच, लो सव्वा आणि हाय दीड. मे महिन्यात लावली तेव्हापासून हात लावला नाही.

अकोटचा_फिटर
हे व्हेपर लॉक हाये. टाकी इंजिनच्या शेजारी असते, पेट्रोलचे बुडबुडे होतात, लाइनमध्ये हवा येते. टाकी पुढं सरकवा, पेट्रोलची नळी हेडरपासून (इंजिनातून पाइपकडे जाणारी गरम नळी) लांब बांधा, वरतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी गुंडाळा. काम फत्ते.

यवतमाळी_पाना
मे महिन्यात हे मान्य केलं असतं. सध्या सकाळी दहा-बारा डिग्री आहे, तलावाचं पाणी बर्फागत. व्हेपर लॉक कुठून येणार?

मला खटकलं ते दुसरंच: सुई मे महिन्यातली. ४५ डिग्रीची हवा १२ डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण दहा टक्के विरळ असते. म्हणजे उन्हाळ्यात जी सुई बरोबर होती, तिच्यावर आता सिलिंडरमध्ये दहा टक्के जास्त हवा जाते आणि पेट्रोल मात्र तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. लीन मिश्रण सुरुवातीला गोड पळतं, मग पिस्टन तापून फुगतो, घर्षण वाढतं, आवाज बसतो. थंड झालं की परत चालू. तुमचं लक्षण तंतोतंत हेच आहे. आणखी थोडं ताणलं तर पिस्टन सिलिंडरला चिकटेल.

अकोटचा_फिटर
उलट ना बाप्पा. उन्हात इंजिन गरम होते, गरम इंजिन लीन होते. लहान पोराले पण माहीत हाये.

यवतमाळी_पाना
इंजिनचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फिटरभाऊ. हवा तापली की विरळ होते, त्यामुळे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. थंडीत उलट. फवारणी पंपाचंच पाहा. भर उन्हात बरोबर लावलेला पंप डिसेंबरच्या सकाळी चोकशिवाय ऐकत नाही.

गोरेवाडा_ट्यून
सुईच्या आधी पेट्रोलचं बोला. आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. शुद्ध पेट्रोल जाळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला साधारण आठ टक्के जास्त इंधन पाहिजे. पुस्तकातली दीड आट्याची सुई इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी असते. थंडी आणि ई-२०, दोन्ही एकाच दिशेने, लीनकडे ओढतात.

इथेनॉल किती आहे ते घरी कळतं. १०० मिलीच्या उभ्या मोजनळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या (ऑइल न मिसळलेलं), तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं उभं ठेवा. खालचा थर २८ च्या आसपास आला तर ई-२०. दहालाच राहिला तर इथेनॉल नाही.

चुलबंद_२६
एवढं रसायनशास्त्र नको होतं. आकडा सांगा ना राव.

गोरेवाडा_ट्यून
हाय सुई पावणेदोन आटे. त्यावरून कमी करत या.

मोर्शी_संत्रा
इथेनॉल धुऊनच टाका. दोन लिटर पेट्रोल, पाव लिटर पाणी, हलवून ठेवलं की इथेनॉल पाण्यासोबत खाली बसते, वरचं काढून घ्यायचं. कार्बोरेटरमधला डायफ्राम (पेट्रोल ओढणारा पातळ पडदा) वाचते, नळ्या कडक होत नाहीत.

गोरेवाडा_ट्यून
आणि ऑक्टेन पण पाण्यासोबत जाते! धुतलेल्या पेट्रोलमध्ये पाण्याचे थेंब राहिले तर कार्बोरेटरच्या बारीक जाळीवर बसतात, तिथून पुढे सगळंच अडतं. त्यापेक्षा रोज ताजं मिश्रण करा, संध्याकाळी टाकी पूर्ण रिकामी करा, इंजिन बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करा. डायफ्राम दर हंगामाला बदला. हाताने वाकवल्यावर कडकड वाजलं तर ते गेलेलं समजा.

वैनगंगाकाठ
सगळे सुईवर चढले, पण ऑइलचं प्रमाण अजून आलं नाही. प्रॉप आला नाही. पाणी आलं नाही. चुलबंदभाऊ, उत्तर द्या ना जी.

चुलबंद_२६
ऑइल लिटरला ४० मिली. पाणी येते, थोडं थोडं. प्रॉप ७४ मिमीचा, दोन पात्यांचा. बोटीसोबत ६७ चा आला होता. स्पीड वाढवायला मोठा टाकला आणि पाइप १५ मिमी आत सरकवला.

वैनगंगाकाठ
आता खरी गोष्ट बाहेर आली.

प्रॉप एकाच घडणीचा, फक्त व्यास वाढवला तर त्याच आरपीएमला लागणारी ताकद ढोबळमानाने व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. ७४ भागिले ६७ म्हणजे १.१०, त्याचा पाचवा घात सुमारे १.६. साठ टक्के जास्त ओझं. इंजिनमध्ये तेवढी ताकद नाही, म्हणून ते खालच्या आरपीएमलाच अडकतं. त्यात पाइप आखूड केला. पाइप आखूड केला की त्याचा जोर वरच्या आरपीएमला सरकतो, लांब केला की खाली येतो. म्हणजे पाइप वर बोलावतो आणि प्रॉप खाली दाबतो, मधे इंजिन तापते. दोन्ही एकाच वेळी करायचं नसते.

६७ मिमी व्यास आणि १.४ पिच गुणोत्तराचा (एका फेऱ्यात व्यासाच्या १.४ पट पुढे जाणारा) प्रॉप एका फेऱ्यात कागदावर ९४ मिमी पुढे जातो. १५,००० आरपीएमला मिनिटाला १,४१० मीटर, म्हणजे ताशी ८४ किमी. पंधरा टक्के घसरण धरली तरी सत्तरच्या वर. एवढं २६ सीसीला पुष्कळ झालं. स्पीड प्रॉपच्या आकारातून नाही, आरपीएममधून काढा.

आणि "थोडं थोडं" पाणी चालणार नाही. फुल थ्रॉटलला आउटलेटमधून सलग धार पडली पाहिजे. बोट काठाला आली की लगेच ते पाणी हातावर घ्या. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर इंजिन उपाशी आहे. रडरवरचं पाण्याचं छिद्र बघा. मालगुजारी तलावात या दिवसांत शेवाळ आणि शिंगाड्याची बारीक मुळं तरंगत असतात, तीच जाऊन बसतात. सायकलच्या पंपाने उलट्या दिशेने हवा मारा, म्हणजे कचरा आला तिकडूनच बाहेर पडेल. टोकदार तार घालू नका, नळीला छिद्र पडते. हेडला आणि पाइपच्या हेडरला एकच नळी फिरवली असेल तर दोन वेगळ्या करा.

विजेवरचा_चालक
हा सगळा ताप कशाला? ब्रशलेस मोटर टाका, ६एस लिपो बॅटरी बसवा, वॉटरकूल्ड ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट). आवाज नाही, वास नाही, सुई नाही.

अकोटचा_फिटर
कोणी इचारलं का? अर्धा लिटर टाकीत पेट्रोलची बोट पंधरा मिनिटं पळते. तुमची लिपो पाच मिनिटांत गरम होऊन काठावर. तलावावर चार्जर लावाले वीज कुठून आणता?

सारस_मित्र
बोट कोणत्या तलावावर चालवता? भंडारा-गोंदियाच्या तलावांवर थंडीत स्थलांतरित बदकं उतरलेली असतात, गोंदियाकडे सारस आहेत. टू-स्ट्रोकचा आवाज फार लांब जातो. शिवाय बहुतेक तलाव मच्छीमार संस्थांना ठेक्यावर दिलेले असतात, जाळी पाण्याच्या पातळीखाली पसरलेली असतात. संस्थेच्या माणसाला आधी विचारा, जाळी कुठे आहेत ते दाखवून घ्या. पक्ष्यांच्या तलावावर नकोच.

मोर्शी_संत्रा
सारसभाऊ बरोबर बोलले. जाळं प्रॉपला गुंडाळलं तर फ्लेक्स शाफ्ट (इंजिनपासून प्रॉप फिरवणारी पिळाच्या तारेची दांडी) तुटतो, वरून जाळ्याचे पैसे भरावे लागतात.

यवतमाळी_पाना
फ्लेक्स शाफ्टवरून आठवलं. चुलबंदभाऊ, स्ट्रट (बोटीच्या मागे शाफ्ट धरणारा आधार) आणि ड्राइव्ह डॉग (शाफ्टवरचा, प्रॉपला धरून फिरवणारा तुकडा) यांच्यात अंतर किती आहे? ओझं आलं की शाफ्टचा पीळ आवळतो आणि तो आखूड होतो. ३-४ मिमी जागा नसेल तर डॉग स्ट्रटला घासतो, ब्रेक लावून बोट चालवल्यासारखं होतं. साठ टक्के जास्त ओझ्याला तर नक्कीच. स्ट्रटच्या मागच्या टोकाला चमकदार घासलेली कडी दिसते का पाहा. शाफ्ट दर वेळी बाहेर काढून पुसायचा, मरीन ग्रीस लावूनच परत घालायचा.

मोठ्या प्रॉपची पाती घासून छोटी करायचा विचार असेल तर एक सांगतो. प्रॉप बेरिलियम कॉपरचा असेल तर कोरडा घासू नका. ती धूळ फुप्फुसासाठी फार वाईट. पाण्यात बुडवून, ओल्या पॉलिश पेपरनेच, तोंडाला मास्क लावून. घरात तर नाहीच.

चुलबंद_२६
घासलेली कडी आहे. अंतर एक मिमी असेल. मग आता नेमकं काय आधी करू? सगळे वेगवेगळं सांगून रायले.

वैनगंगाकाठ
एका वेळी एकच बदला. क्रम असा ठेवा.

आधी हेडरचा जोड सोडून एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्चने पिस्टन पाहा. बाजूला उभ्या रेघा किंवा चांदीसारखा चट्टा असेल तर सुईला हातच लावू नका, सिलिंडर खोला. पिस्टन गुळगुळीत असेल तर पुढे. शाफ्टचं अंतर ४ मिमी करा. ६७ चा प्रॉप लावा, पाइप जुन्या खुणेवर न्या. पाण्याची वाट साफ करा. ठिणगी देणारी कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट ०.३ मिमी, जाड व्हिजिटिंग कार्ड मधे सरकवून स्क्रू आवळले की जमते.

मग गोरेवाडाभाऊ म्हणतात तसं हाय सुई पावणेदोन. बोट पाण्यात सोडा, फुल थ्रॉटलला आवाज अडखळत, भरभर येईल, म्हणजे रिच. तिथून एक अष्टमांश आट्यापेक्षा जास्त एकदम आत घेऊ नका. आवाज स्वच्छ झाला की थोडं बाहेर येऊन थांबा. फुल थ्रॉटलवरच किल स्विचने इंजिन बंद करा, आयडलवर आणू नका, आणि प्लग काढा. चहाच्या रंगाचा तपकिरी हवा. पांढरा दिसला तर एक अष्टमांश बाहेर. आयडलवर येऊ दिलं तर प्लगचा रंग खोटं सांगतो.

लो सुई शेवटी. आयडलवरून झटक्यात थ्रॉटल दिला आणि इंजिन आधी घुटमळून मग धुराने ओढलं तर लो आत, एकदम मेलं तर लो बाहेर.

अकोटचा_फिटर
आणि फेलसेफ? रेंजबाहेर गेली तर थ्रॉटल बंद व्हायला रिसीव्हरमध्ये सेट केलं का? पुढच्या नाकात थर्मोकोल भरला का? नाही तर उलटली की इंजिनच्या वजनानं तळाशी जाते, मग गाळात हात घालून शोधत राहा.

चुलबंद_२६
फेलसेफ आहे, थर्मोकोल आहे. पिस्टन पाहिला, रेघा नाहीत. छिद्रातून मुळांचा गोळा निघाला, शेंगदाण्याएवढा. ६७ चा प्रॉप, शाफ्ट ४ मिमी, पाइप जुन्या खुणेवर. हाय पावणेदोनला भरभरली, एक अष्टमांश आत घेतल्यावर साफ. पूर्ण टाकी संपेपर्यंत बसली नाही, पाण्याची धार जोरात, हाताला कोमट. प्लग तपकिरी. सगळ्यांचे आभार.

आता नवीन त्रास. फुलला नाक वर-खाली आपटत जाते, बेडूक उडी मारतो तशी. काय करू? लवकर सांगा.

यवतमाळी_पाना
गुरुत्वमध्य मागे आहे. ट्रान्समपासून (बोटीची मागची उभी भिंत) लांबीच्या तीस टक्क्यांवर आणा, टाकी अर्धी भरलेली ठेवून मोजा. रिसीव्हरची बॅटरी पुढे सरकवा. त्याने भागलं नाही तर स्ट्रटचं मागचं टोक केसभर खाली, एका वेळी अर्धा डिग्री. जास्त खाली गेलं तर नाक पाण्यात घुसेल आणि वळणावर बोट उलटेल.

मोर्शी_संत्रा
ट्रिम टॅब (मागच्या तळाच्या छोट्या पट्ट्या) खाली करा आधी, सोपं पडते.

यवतमाळी_पाना
टॅबने लपते, जात नाही. वेग पण खाते. आधी वजन.

वैनगंगाकाठ
चुलबंदभाऊ, बोट लांबीला किती, आणि आत्ता गुरुत्वमध्य ट्रान्समपासून किती इंचांवर येतो? स्ट्रट तळाला समांतर आहे की नाही, बाजूनं एक फोटो टाका.